अलर्ट लाइनच्या उजवीकडे

गणपतीत आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काय चालतं हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. गुहागर तालुक्यातली ही किनाऱ्यावरची गावं वर्षभर म्हाताऱ्यांची असतात आणि भाद्रपदात अचानक मुंबईची होतात. ओपीडीत जुलाब, तापाची पोरं, भातशेताच्या बांधावरून घसरलेले, विसर्जनाच्या आधीच झिंगलेले. आणि स्टाफ निम्मा, कारण निम्मा स्टाफ इथलाच, त्यांच्याही घरी गणपती. मी इथली सिस्टर, कराडकडची, म्हणजे इथल्यांच्या लेखी घाटावरची. त्यामुळे गौरी-गणपतीची ड्युटी माझी, हे कुणी न बोलताच ठरलेलं आहे. त्याचा मला राग आहे, तो इथे नोंदवून ठेवते.

ती पोरगी गौरीपूजनाच्या रात्री अकराच्या सुमारास आली. पहिलटकरीण. सासर नालासोपाऱ्याला, बाळंतपणाला माहेरी आलेली. अशा माहेरवाशिणी आमच्या यादीत कधीच नसतात. नाव मुंबईत नोंदलेलं, तपासण्या तिकडच्या, सोनोग्राफी कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवर. आमची आशाताई दारोदार फिरून अशा मुली शोधून काढते म्हणून निदान कळतं तरी. हिचं माता-बाल संरक्षण कार्ड मात्र नीट पिशवीत होतं. हिमोग्लोबिन १०.४, बीपी व्यवस्थित, दिवस भरलेले. बरोबर आई, आजी आणि फोनच्या पडद्यावर नवरा.

कळा खोट्या नव्हत्या, पण पुरत्या खऱ्याही नव्हत्या. गर्भाशयाचं तोंड दोन सेंटीमीटर उघडलेलं. अशा वेळी तिला खाऊ घालायचं, फिरवायचं, झोपू द्यायचं, एवढंच काम असतं. घरच्यांना ते काम वाटत नाही. "सिस्टर, सलाईन लावा ना, लवकर सुटेल." कळा वाढवायचं सलाईन आमच्या पातळीवर लावायचं नाही असा नियम आहे, आणि तो शहाणा नियम आहे. त्याने गर्भाशय नको इतकं आवळलं तर बाळ गुदमरतं, आणि इथे ना भूलतज्ज्ञ, ना शस्त्रक्रियेची सोय. पण शेजारच्या बाईला कुठल्यातरी दवाखान्यात सलाईन लावलं आणि दोन तासांत मोकळी झाली, ही गोष्ट प्रत्येक वाडीत असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला चार सेंटीमीटर झाले आणि मी पार्टोग्राफ उघडला.

हा कागद बाहेर कुणाला माहीत नसतो. एका पानावर अख्खं बाळंतपण मावतं. वर बाळाचे ठोके, दर अर्ध्या तासाने एक ठिपका. त्याखाली पाणी: बाळाभोवतीची पाण्याची पिशवी शाबूत असेल तर आय, पाणी स्वच्छ असेल तर सी, बाळाने शी केली असेल तर एम. मधे तोंड किती उघडलं याचा आलेख, दर तपासणीला एक फुली. खाली कळा: पोटावर हात ठेवून, घड्याळ बघून, दहा मिनिटांत किती आल्या आणि किती सेकंद टिकल्या, तेवढे चौकोन भरायचे. त्याखाली आईची नाडी, बीपी. मधल्या आलेखावर दोन तिरक्या रेघा छापलेल्या असतात. पहिली अलर्ट लाइन, चार सेंटीमीटरपासून तासाला एक सेंटीमीटर या हिशोबाने चढणारी. दुसरी तिच्या चार तास उजवीकडे, ॲक्शन लाइन. तुमची फुली पहिल्या रेघेच्या डावीकडे असेल तर ठीक. उजवीकडे गेली की आमच्यासारख्या केंद्राने बाईला वर पाठवायची तयारी करायची.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली नवा कागद काढला. त्यात जोराच्या कळांची सुरुवात पाच सेंटीमीटरपासून धरतात आणि तासाला एक सेंटीमीटरची ती सरसकट रेघ काढून टाकलीय. आमच्याकडे छापील गठ्ठे जुनेच आहेत. जे छापलंय ते भरायचं.

आणि बहुतेक ठिकाणी तो बाळ झाल्यावर भरला जातो, हेही सांगून टाकते. एकाच पेनाने, एकाच बैठकीत, रेघेवर नेमकी चढणारी सुंदर फुल्यांची रांग. मी असे कागद पाहिलेत. खरा पार्टोग्राफ घाणेरडा असतो. त्यावर बीटाडिनचा डाग असतो, एखादा अर्धा तास रिकामा असतो कारण त्या वेळी तुम्ही दुसऱ्या टेबलवर होता. माझा तसा असतो.

दुपारी तीनला तपासलं. आठ हवे होते, सहा भरले. फुली रेघेच्या उजवीकडे.

कारण मला बाराच्या आसपासच कळलं होतं, फक्त हाताने खात्री व्हायची होती. तिच्या सगळ्या कळा पाठीत होत्या. ती पोट धरतच नव्हती, कमरेच्या खाली मागे मुठी दाबत होती. पोट नाभीखाली बशीसारखं खोलगट दिसत होतं, बाळाचे हातपाय पुढेच लागत होते, आणि ठोके मधोमध न सापडता पार कुशीकडे सापडत होते. आत बोटांना टाळू पुढच्या बाजूला लागली, मोठी, चौकोनी. बाळाचं डोकं खाली, पण तोंड आईच्या पोटाकडे आणि डोक्याचा मागचा भाग तिच्या पाठीच्या कण्याकडे. आम्ही याला ओपी म्हणतो. असं बाळ अडतंच असं नाही, बहुतेक बाळं कळांबरोबर आपोआप फिरतात. पण वेळ खातात, आणि जी फिरत नाहीत त्यांना चिमटा नाहीतर सिझर.

डॉक्टरांना फोन लावला. एक डॉक्टर रजेवर, दुसरे फुरसं चावलेल्या माणसाला सापाच्या विषावरची लस सुरू करून आमच्याच गाडीतून चिपळूणला निघालेले. खिडकीतल्या त्या एका ठरावीक जागेवर उभं राहिलं की नेटवर्क येतं, तिथून सगळं सांगितलं. ते म्हणाले, पाठवा. मीही तेच म्हणत होते. तीन वाजून वीस मिनिटांनी रेफरल स्लिप लिहिली, दुसऱ्या रुग्णवाहिकेला फोन केला. गाडी लांब होती. त्यात गौरी-गणपतीचं विसर्जन, गावागावांतून डोक्यावर गणपती घेऊन माणसं रस्त्यावर. दोन तास तरी धरा, असं उत्तर आलं.

बाहेर गर्दी जमली होतीच. एक काका म्हणाले, खाजगी गाडी करू, धोपाव्याला फेरीबोट धरू, पलीकडे दाभोळहून दापोली. सहा सेंटीमीटर उघडलेली पहिलटकरीण, पावसात, जीपच्या मागच्या बाकावर, जेट्टीवर रांगेत. मी नाही म्हटलं. नवरा पडद्यावरून ओरडत होता, "सिझर करून टाका, पैशाचं बघू नका." त्याला वाटत होतं मी पैशासाठी अडलेय.

आई रडून रडून पोरीला आणखी घाबरवत होती. प्रसूतीच्या वेळी जवळची एक बाई आत थांबू शकते, तसं केंद्र सरकारचं २०१६ पासूनचं धोरण आहे, भिंतीवर तक्ताही आहे. मी आईला बाहेर बसवलं आणि आजीला आत घेतलं.

आजी सुईण होती, हे मला तोवर माहीत नव्हतं. सरकारने दायांना प्रशिक्षण द्यायचे त्या काळातली. हात, जागा, ब्लेड, दोरा, नाळ या पाच स्वच्छता तिने मला घडाघडा म्हणून दाखवल्या, परीक्षा दिल्यासारख्या. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, बाळंतपणं दवाखान्यात गेली आणि अशा बायकांना कुणी विचारीनासं झालं. त्यात आयांचे जीव वाचले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या बायकांना जे येत होतं त्याचं काय करायचं हे कुणी ठरवलं नाही.

ती नातीच्या पोटावरून हात फिरवत बघत राहिली. मग मला म्हणाली, "पाठीवर पोर हाय. उताणी नको पाडूस गो बाय तिला. रांगती कर."

आमच्या लेबर रूमचं टेबल उताण्या बाईसाठी बनवलेलं आहे. पाय अडकवायची रिकीब, लाईट, ट्रे, सगळं त्याच हिशोबाने. मी खाली गादी टाकली, त्यावर मॅकिन्टॉश म्हणजे रबरी चादर, त्यावर साधी चादर. पोरीला हात आणि गुडघ्यांवर घेतलं. कळ आली की आजी तिच्या माकडहाडावर तळहाताने जोर द्यायची आणि पोरगी कंबर हलवायची. कळ गेली की पुढे उशीवर डोकं टाकून पडायची. मग उभं राहून खिडकीचे गज धरून झुलणं, मग पुन्हा खाली. सकाळपासून किंचाळणारी पोरगी आता हुंकार देत होती. मी दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके ऐकायचा डॉप्लर लावत होते, तोही गादीवर वाकून: १४२, १३८, १४६. लघवी करवून घेत होते, कारण भरलेलं मूत्राशय डोक्याची वाट अडवतं. पाचच्या आधी पाणी गेलं, स्वच्छ. सी.

सगळंच गोड नव्हतं. मधेच आजीने छातीखालून पोट खाली दाबायला सुरुवात केली. मी तिचा हात धरला. त्याने गर्भाशय फाटू शकतं, बाळालाही इजा होते. तिला राग आला. "आमी काय मारली न्हाय कोन," म्हणाली. मी म्हटलं, आजी, इथे माझं चालेल. कमरेत तुमचं, पोटावर माझं. थोडा वेळ ती माझ्याशी बोलली नाही, पण कमरेवरचा हात काढला नाही.

पोरीला जोर करावासा वाटायला लागला. ओपीत हे लवकर होतं, तोंड पुरतं उघडायच्या आत, आणि तेव्हा जोर दिला तर तोंडाला सूज येते. फुंकर मार, फुंकर मार, म्हणत तो काळ काढला. सव्वासहाला पुन्हा तपासलं, कारण गाडी आली की हलवायचं की नाही हे ठरवायचं होतं. तोंड पूर्ण. डोकं खाली. आणि बोटाखाली डोक्याच्या मागच्या भागातली छोटी टाळू, आता पुढे, माझ्याकडे. बाळ फिरलं होतं.

लाइट गेली. इन्व्हर्टरवर बाळाला ऊब देणारा वॉर्मर ठेवला, बाकी बॅटरी. रुग्णवाहिका सात वाजायच्या आसपास आली तेव्हा कळेसरशी केस दिसत होते. गाडीतले डॉक्टर दारातून बघून म्हणाले, "आता कुठे नेताय, होऊ द्या इथेच." ते शहाणे निघाले. बाजूला उभे राहिले आणि मधे बोलले नाहीत, हे सगळ्यांना जमत नाही.

शेवटची वीस मिनिटं मला आवडतात, हे खरं सांगते. पहिलटकरीण म्हटली की वाट मोठी करायला कात्री लावायची अशी जुनी सवय अजून पुष्कळ ठिकाणी आहे. सरसकट कात्री लावायची गरज नसते. एक हात डोक्यावर, ते एकदम सुटू नये म्हणून, दुसरा खाली आधाराला, आणि कळ ऐन जोरात असताना तिला म्हणायचं, आता जोर नको, फक्त श्वास. डोकं कळांच्या मधल्या शांततेत सरकवायचं. सात बाराला मुलगी झाली. दोन किलो नऊशे. पुसता पुसताच रडली. आईच्या पोटावर ठेवली, नाळेची धडधड थांबेपर्यंत कापली नाही. मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन १० युनिट मांडीत दिलं. वार पूर्ण आली, रक्तस्राव मर्यादेत, दोन टाके लागले. अर्ध्या तासात मुलगी अंगावर प्यायला लागली.

बाहेरून पहिला प्रश्न आला, नॉर्मल का? दुसरा, काय झालं? मुलगी म्हटल्यावर फोनवरचा आवाज जरा खाली आला. नवऱ्याचा नाही, त्याच्या आईचा. नवरा रडत होता.

आठवड्याने वरून विचारणा आली. अलर्ट लाइन ओलांडल्यावर चार तास पेशंट खालच्या संस्थेत का ठेवला? रेफरलची वेळ, गाडीला फोन केल्याची वेळ, गाडी पोचल्याची वेळ, तिन्ही रजिस्टरमध्ये आहेत, ती मी कळवली. ते उत्तर मान्य होईल. पण मला जे सतावतंय ते त्या उत्तरात नाही.

गाडी चार वाजता आली असती तर मी तिला पाठवलं असतं. स्ट्रेचरवर उताणी झोपवून, पट्टे बांधून. बाळ फिरलं असतं का? आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बहुतेक ओपी फिरतातच, हेही फिरायचंच होतं. रांगत्या स्थितीने पाठदुखी कमी होते हे अभ्यासांत दिसलंय, डोकं त्याने फिरतं हे सिद्ध झालेलं नाही. बरोबरच असेल. मी आजीला तसं सांगितलं, तर ती म्हणाली, "मंग तुज्या डाक्तराला रांगत ठेव जरा."

आणि नसतं फिरलं तर? रेफरलच्या स्लिपसकट मी तिथे चिमट्याशिवाय, रक्ताच्या बाटलीशिवाय बसले असते, आणि आज हे लिहीत नसते. म्हणून पुढची अशी बाई आली की मी स्लिप लिहिणार, गाडीला फोन करणार, आणि गाडी येईपर्यंत तिला खाली गादीवर रांगतं करणार. रजिस्टरमध्ये यातलं शेवटचं लिहायला रकानाच नाही. शेरा लिहायच्या चिंचोळ्या जागेत मी 'स्थिती बदलली, आजीच्या सांगण्यावरून' एवढं लिहिलं होतं. आमच्या वरिष्ठ सिस्टर म्हणतात, 'आजीच्या सांगण्यावरून' खोड, उगाच प्रश्न येतील.

पुढच्या तालुका बैठकीला तो कागद घेऊन बोलावलंय. झेरॉक्स काढून ठेवलीय. शेरा खोडलेला नाही.