उठल्यावर अंधारी येत असेल तर बीपी उभ्याने मोजा

झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि हात आपोआप भिंतीकडे जातो. यावर घरोघरी दोन निदानं तयार असतात: पित्त, नाहीतर अशक्तपणा. मग लिंबूसरबत दिलं जातं आणि विषय तिथेच संपतो. बीपी मोजलंच, तर तेही बसवून. उभं राहताच बीपी घसरण्याचा दोष बसून घेतलेल्या आकड्यात सहज लपतो, हीच खरी अडचण आहे.

आपण उभे राहतो तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाच्या आणि पायांच्या शिरांत उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि दाब घसरतो. मानेत कॅरोटिड धमनीला जिथे फाटा फुटतो तिथे आणि महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणारी चेताटोकं असतात. धमनी ताणलेली असेपर्यंत ती सतत संदेश धाडतात. दाब उतरला की संदेश विरळ होतात, आणि मेंदूच्या देठाला ही खबर पुरते. हृदयाची गती आवरणाऱ्या व्हेगस नर्व्हचा लगाम सैल होऊन एक-दोन ठोक्यांतच नाडी वाढते. सिम्पथेटिक चेतातंतू नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडून रक्तवाहिन्या आवळतात, पण त्याला काही सेकंद जास्त लागतात. क्षणभराची अंधारी येते ती याच फटीत. निरोगी माणसाचा दाब साधारण 10 सेकंदांना तळ गाठतो आणि अर्ध्या मिनिटात सावरतो.

तो सावरतो की नाही, हे घरी पाहता येतं. 5 मिनिटं आडवं पडून बीपी आणि नाडी मोजा. पट्टा दंडावरच ठेवून उभे राहा आणि 1 व 3 मिनिटांनी पुन्हा मोजा. उभ्याने हात लोंबता ठेवू नका, टेबलावर किंवा कुणाच्या तरी हातावर छातीच्या मध्याशी टेकवा. पट्टा हृदयापेक्षा 10 सेंटिमीटर खाली गेला तर आकडा 7-8 ने जास्त येतो आणि खरी घसरण झाकली जाते. वयस्कर माणसाच्या शेजारी कुणीतरी उभं हवंच. चक्कर आली तर मोजणी सोडून लगेच झोपवा.

3 मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला, तर दोष नक्की आहे. आता नाडी पाहा, कारण कारणाचा माग तिथेच लागतो. दाब उतरला आणि नाडी चांगलीच वाढली, तर दाब आपोआप सावरणारा हा प्रतिक्षेप शाबूत आहे पण रक्ताचं आकारमान कमी पडतंय: जुलाब, उन्हाळ्यातला घाम, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तस्राव. दाब 30 ने उतरूनही नाडी 5-7 नेच वाढली, तर चेतातंतूंवर संशय घ्यावा. जुना मधुमेह आणि पार्किन्सन्स ही त्याची नेहमीची कारणं. मात्र बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंदावणारं औषध, चालू असेल तर नाडी तशीही दबलेली असते. प्रोस्टेटसाठीच्या टॅमसुलोसिनसारख्या गोळ्या रक्तवाहिन्या आवळू देत नाहीत. रात्री लघवीला उठताना पडलेल्या आजोबांच्या औषधांत ही गोळी आहे का, हे आधी पाहावं. गोळ्या मनाने बंद करू नयेत. तिन्ही वेळचे आकडे लिहून डॉक्टरांना दाखवावेत, वेळ किंवा मात्रा बदलून बरंच साधतं.

उपाय साधे आहेत, पण नेमके करावे लागतात. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून पावलं वर-खाली हलवायची, मग उठायचं. उभ्याने चक्कर जाणवली तर पायांची अढी घालून मांड्या आणि नितंब घट्ट आवळायचे. जमत असेल तर सरळ उकिडवं बसायचं. पोटभर जेवण आणि कढत पाण्याची अंघोळ दोन्ही दाब उतरवतात, म्हणून त्यानंतर लगेच उठबस नको. चेतातंतूंचा दोष असलेल्यांनी सकाळी अर्धा लिटर पाणी 3-4 मिनिटांत प्यायलं तर पुढचा तासभर दाब बरा राहतो. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे आधी विचारून घ्यावं. मीठ वाढवण्याचंही तसंच.

शौच डांबरासारखं काळं होत असेल, छातीत दुखत असेल किंवा चालता-चालता शुद्ध हरपली असेल, तर घरी मोजत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.