रेझिन थोडं कमीच बरं

हिस-टॅगचं, म्हणजे सहा हिस्टिडिनचं शेपूट जोडलेलं प्रथिन रेझिनवर (निकेल धरलेल्या बारीक मण्यांवर) शुद्ध केल्यावरही जेलवर मळकट, म्हणजे इतर प्रथिनांसकट दिसलं, की पहिला हात जातो वॉश बफरकडे, म्हणजे धुण्याच्या द्रावणाकडे. इमिडॅझोल (निकेलवरून प्रथिन सोडवणारं रसायन) वाढवा, वॉश लांबवा. दोष मात्र पुष्कळदा कॉलममध्ये ओतलेल्या जादा रेझिनचा असतो. आजच्या नोंदीत हे ठळक अक्षरांत लिहून ठेवतो.

निकेलवरच्या जागा मोजक्या असल्या की सहा हिस्टिडिनचं शेपूट बाकीच्यांना हुसकावून जागा पटकावतं. जागा रिकाम्या राहिल्या, की ई. कोलायची (ज्या जिवाणूत प्रथिन बनवलं त्याची) स्वतःची प्रथिनं, स्लायडी आणि आर्नए ही नेहमीचीच, तिथे ठाण मांडतात. 10 मिलिग्रॅम प्रथिन अपेक्षित असेल तर 1 ते 2 मिलिलिटर रेझिन पुरे. फ्लो-थ्रूमध्ये (न चिकटता कॉलममधून निघून जाणाऱ्या द्रवात) थोडं प्रथिन निसटलं तरी चालेल; ते कळावं म्हणून लायसेट (पेशी फोडून मिळालेला द्रव), फ्लो-थ्रू, वॉश आणि इल्युशन (शेवटी सोडवून घेतलेलं प्रथिन), सगळ्यांचे नमुने जेलसाठी राखायचेच.

बफर नेहमीचाच: 50 मिलिमोलर सोडियम फॉस्फेट, 300 मिलिमोलर मीठ, पीएच 8. इमिडॅझोल लायसिसला 10, वॉशला 20 ते 40, इल्युशनला 250 मिलिमोलर. इमिडॅझोल आम्लारिधर्मी असल्यानं ते विरघळल्यावर पीएच पुन्हा तपासून आम्लानं खाली आणावा लागतो. हे विसरणं फार सोपं. उलट पीएच 6 च्या आसपास किंवा खाली घसरला, तर हिस्टिडिनवर प्रोटॉन बसतो आणि प्रथिन निकेलला धरतच नाही.

लायसेट चिकट असेल तर कॉलम तुंबतो, म्हणून डीएनेझ (डीएनए तोडणारं विकर) आणि थोडं मॅग्नेशियम. मग सेंट्रिफ्यूज, मग 0.45 मायक्रॉनचा फिल्टर. प्रोटीएझ इन्हिबिटर (प्रथिन तोडणाऱ्या विकरांना रोखणारा) ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं रसायन) नसलेलाच घ्यायचा. निळसर रेझिन पांढरं पडलं तर ईडीटीएनं निकेल ओढून नेलं. तपकिरी झालं तर डीटीटीनं निकेलचं क्षपण केलं.

प्रथिन रेझिनला अजिबातच धरत नसेल तर शेपूट घडीत दडलेलं असू शकतं. थोडा नमुना 8 मोलर युरियात घेऊन पाहावं: तिथे धरलं तर टॅग दुसऱ्या टोकाला न्यावा किंवा मधला दुवा लांबवावा.

आणि 280 नॅनोमीटरच्या प्रकाशावर प्रथिन मोजताना शून्य इल्युशन बफरवर धरायचं, पाण्यावर नाही. इमिडॅझोलही तिथे थोडा प्रकाश शोषतं, आणि नसलेलं प्रथिन दिसू लागतं.