बाउरीवरचे सुप्रीम आणि मधली मोकळी फरशी

न्यूयॉर्क, गुरुवार, रात्री

आज दुपारी भाचीला घेऊन बाउरी रस्त्यावरच्या सुप्रीम या स्केटबोर्ड आणि कपड्यांच्या ब्रँडच्या दुकानात जाऊन आलो. इचलकरंजीला माझे होजिअरीचे लहानसे युनिट आहे, टी-शर्ट आणि हुडी शिवणे हा माझा रोजचा धंदा आहे, आणि गेली काही वर्षे आमच्याकडे येणारे प्रत्येक तरुण गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून लाल चौकोनातली सुप्रीमच्या नावाची ती पांढरी, तिरकी, ठळक अक्षरे दाखवते आणि अशाच धर्तीचे काहीतरी करून द्या म्हणते. मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवर या चौकोनाच्या नकला आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. मूळ माल मात्र मी कधी हातात धरला नव्हता. त्यामुळे न्यूयॉर्कला जाणे झाले तर हे दुकान निवांत पाहायचे, असे घरून निघतानाच ठरवले होते.

सुप्रीमचा नवा माल दर गुरुवारी सकाळी ११ वाजता विक्रीला येतो. वर्षाचे दोन हंगाम असतात आणि प्रत्येक हंगामाचा माल एकदम न काढता आठवड्या-आठवड्याने थोडा थोडा काढला जातो. ‘मामा, सकाळी गेलात तर माणसेच दिसतील, दुपारी चला म्हणजे कपडे दिसतील,’ असे भाचीने कालच सांगितले होते आणि ते खरे ठरले. आम्ही पोहोचलो तेव्हा गर्दी ओसरली होती, काही मापे संपली होती, पण कापड हाताळून पाहायला पुरेसा वेळ आणि पुरेशी जागा होती.

स्प्रिंग स्ट्रीट स्थानकावर उतरून आम्ही आधी लाफायेट रस्त्याने थोडे उत्तरेला गेलो, कारण मला २७४ क्रमांकाची जागा पाहायची होती. जेम्स जेबिया यांनी १९९४ च्या एप्रिलमध्ये पहिले दुकान थाटले ते याच पत्त्यावर, आणि २०१९ पर्यंत ते तिथेच होते. जेबिया इंग्लंडमध्ये वाढलेले. न्यूयॉर्कला येऊन त्यांनी आधी दुसऱ्यांच्या दुकानात काम केले, मग युनियन हे दुकान काढले, आणि त्यानंतर स्केटबोर्डवाल्या मुलांसाठी हे. ते स्वतः स्केटबोर्डवर चालणारे नव्हते. तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, त्यांनी त्या मुलांकडे नीट पाहिले. दुकानातले सगळे कपडे त्यांनी भिंतीलगत लावले आणि मधली फरशी पूर्ण मोकळी सोडली, म्हणजे पाठीवर पिशवी असलेला मुलगा रस्त्यावरून बोर्डसकट थेट आत येऊ शकेल. विक्रीला उभी राहणारी मुलेही त्याच टोळक्यातली होती. मॅनहॅटनमध्ये भाड्याच्या जागेत धंदा मांडणाऱ्या माणसाने मधली जागा रिकामी ठेवणे म्हणजे काय, हे जागेचे भाडे भरणाऱ्या कोणालाही कळेल. जो मुलगा आज काहीच विकत घेणार नाही, त्याच्यासाठी ती जागा होती. सुप्रीमच्या सगळ्या इतिहासात मला हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते, आणि ती लाल चौकोनाइतकी सांगितली जात नाही याचे वाईट वाटते.

तिथून परत फिरून स्प्रिंग रस्त्याने पूर्वेला चालत गेले की बाउरीच्या कोपऱ्यावर १९० क्रमांकाची इमारत लागते; आताचे दुकान हिच्यात आहे. १८९९ च्या सुमारास जर्मानिया बँकेसाठी बांधलेली ही सहा मजली दगडी इमारत, छायाचित्रकार जे मायझेल यांनी १९६६ मध्ये १ लाख २ हजार डॉलरना घेतली आणि जवळपास अर्धे शतक ते तिथे कुटुंबासह राहिले. त्या काळात तिच्या बाहेरच्या भिंती चित्रकार पोरांच्या रंगांनी भरून गेल्या होत्या. रस्त्यावरच्या संस्कृतीतून निघालेल्या दुकानाला याहून शोभणारी जागा मिळाली नसती, असे बाहेर उभे राहून वाटले.

आत शिरल्यावर माझी नजर आधी फरशीकडे गेली. इथेही कपडे कडेलाच आहेत, मधला भाग मोकळा आहे, भिंतीवर स्केटबोर्डच्या फळ्या ओळीने लावलेल्या आहेत. आपल्याकडच्या साडीच्या दुकानात गिऱ्हाईक गादीवर बसते आणि विक्रेता त्याच्यासमोर माल उलगडत जातो. इथे कोणी काही उलगडून दाखवत नाही, कोणी मागे लागत नाही. जुन्या दुकानाबद्दल तर अशी ख्याती होती की घडी मोडलेली तिथल्या मुलांना मुळीच खपत नसे. आज मी एक राखाडी हुडी उचलून तिची शिवण बराच वेळ पाहत राहिलो, तेव्हा तिथला एक तरुण जवळ आला. मी कपडे बनवतो एवढे भाचीने त्याला सांगितले, आणि त्याने आपणहून हुडी उलटी करून आतली बाजू माझ्यासमोर धरली.

त्या हुडीबद्दल सविस्तर लिहून ठेवतो. हाताच्या अंदाजाने कापड चारशे जीएसएमच्या (दर चौरस मीटरला चारशे ग्रॅम वजनाच्या) आसपासचे, आतून ब्रश केलेले फ्लीस, म्हणजे लव काढलेले मऊ कापड. पण खरी गोष्ट कापडाच्या दिशेची आहे. निटिंगचे, म्हणजे विणीचे कापड प्रोसेसिंगमध्ये लांबीच्या दिशेने ताणले जाते, म्हणून धुतल्यावर ते रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटते, आणि हुडी दोन-तीन धुण्यांत आखूड झाली अशी तक्रार येते. या हुडीत कापड आडवे वळवून कापले आहे. विणीच्या उभ्या रेषा आडव्या धावतात, त्यामुळे आटण्याचा जोर लांबीवर न येता रुंदीवर येतो, आणि रुंदीत अंगाला आवळू नये म्हणून दोन्ही कुशींना रिबची, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या विणीची पट्टी घातली आहे. ही युक्ती सुप्रीमची नव्हे. अमेरिकेतल्या चॅम्पियन कंपनीने १९३० च्या दशकात खेळाडूंच्या स्वेटशर्टसाठी ती काढली आणि १९५२ मध्ये कुशीच्या रिबसह सुधारली. सुप्रीमने चॅम्पियनबरोबर पुढे अनेकदा काम केले आहे. मला आवडले ते हे की, केवळ नावावर माल खपत असतानाही त्यांनी हा जास्त खटाटोपाचा कट सोडलेला नाही. मनगटाची रिब ओढून सोडली तर लगेच जागेवर येत होती, आणि पुढच्या खिशाच्या टोकांना बारटॅक, म्हणजे मजबुतीचा दाट टाका होता, जिथे हात घालून घालून शिवण आधी उसवते, नेमका तिथे.

माल कमी का काढतात, या प्रश्नाचे जेबिया यांचे उत्तर पूर्वीपासून एकच राहिले आहे: कोणाला नको असलेला माल गळ्यात पडू नये. लोकांना यात चलाखी दिसते, मला मात्र हे बोलणे पूर्ण पटते. शिल्लक माल काय असतो ते आम्हाला विचारा. हंगाम उलटला की गोदामातले गठ्ठे स्टॉकलॉटवाल्याला, म्हणजे उरलेला माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याला किलोवर द्यावे लागतात, आणि सुताचे, रंगाचे, शिलाईचे पैसे मात्र पूर्ण द्यायचे असतात. सहाशे नग खपतील असे वाटत असताना चारशेच काढण्याची हिंमत माझ्यात आली असती, तर काही वर्षे फार वेगळी गेली असती.

गडबड पुढे होते. दुकानात दीड-दोनशे डॉलरला मिळणारी हुडी त्याच दिवशी दुप्पट-तिप्पट किमतीने पुन्हा विकायला निघते, आणि तो वरचा पैसा ना शिवणाऱ्याकडे जातो, ना दुकानाकडे, ना त्या फरशीवर येऊन बसणाऱ्या मुलांकडे. २०१९ च्या जानेवारीत सदबीज या लिलाव संस्थेने सुप्रीमच्या वीस वर्षांतल्या २४८ स्केटबोर्ड फळ्यांचा संच ८ लाख डॉलरना विकला. ताकाशी मुराकामी, डेमियन हर्स्ट अशा कलावंतांची चित्रे असलेल्या फळ्या त्यात होत्या, तेव्हा त्यांचे मोल मी नाकारत नाही. पण फळीला चाके लागून ती रस्त्यावर घासली गेली पाहिजे आणि हुडी अंगावर विटली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. पिशवीही न उघडता हातोहात फिरणारा कपडा पाहिला की तो शिवणाऱ्या माणसाचा अपमान होतो आहे असे वाटते, मग किंमत कितीही का मिळेना.

मालकीही बदलत गेली. व्हीएफ कॉर्पोरेशनने २०२० मध्ये २१० कोटी डॉलरना सुप्रीम घेतले आणि २०२४ मध्ये रे-बॅन चष्मे बनवणाऱ्या एसिलोरलक्झोटिका कंपनीला १५० कोटी डॉलरना विकले. चार वर्षांत एवढी घसरण झाल्यावर तरी मोठ्या कंपन्यांना कळायला हवे की असे दुकान दर तिमाहीला विक्री वाढवून मोठे होत नाही.

आम्ही असतानाच तीन मुले बोर्ड काखेत मारून आत आली. त्यांनी काहीही घेतले नाही. एकाने भिंतीवरची एक फळी मागून घेतली, तिचा वाक डोळ्यांच्या रेषेत धरून पाहिला, दुसऱ्याशी काहीतरी वाद घातला आणि परत दिली; विक्रेता त्यांना नावाने ओळखत होता. मला बरे वाटले.

भाचीने स्वतःसाठी टोपी घेतली. मी ती राखाडी हुडी माझ्या मापाची घेतली, दुकानाच्या किमतीत. इचलकरंजीला गेलो की आधी ती आमच्या कटिंग मास्टरसमोर ठेवायची आहे. कापड आडवे घातले तर आमच्या रुंदीत मार्कर, म्हणजे कापायच्या तुकड्यांची मांडणी, कसा बसतो, किती तुकडा वाया जातो, आणि कुशीच्या रिबसाठी तिरुप्पूरहून कोणते सूत मागवावे लागेल, हे त्यांच्याबरोबर बसून काढायचे आहे. पहिला लॉट पन्नास नगांपेक्षा मोठा धरणार नाही.