तो आत काय बोलतो ते तुम्ही कोर्टाला सांगता का?

हे मला जवळपास प्रत्येक आई विचारते, मुलगा गोळ्यांच्या खिडकीवर गेला की हळूच. मी पुण्यात काउन्सेलिंग करते आणि माझ्याकडे प्रोबेशनवर सुटलेली पोरं येतात, म्हणजे गुन्हा सिद्ध झालाय पण कोर्टाने येरवड्याला न पाठवता (तुरुंगात म्हणतेय, पुण्यात हे सांगावं लागतं, मनोरुग्णालयही तिथेच) १९५८ च्या प्रोबेशन कायद्याखाली बॉन्ड (नीट वागेन असं हमीपत्र) लिहून घेऊन सोडलंय. प्रोबेशन ऑफिसरची देखरेख लावली तर ती किमान एक वर्ष.

तर उत्तर असं की, तो येतोय का आणि ट्रीटमेंट चालू आहे का, एवढंच मी ऑफिसरला कळवते. बोलणं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम २३ आहे गोपनीयतेचं. अपवाद आहेत, दुसऱ्या कुणाच्या जिवावर बेतणार असेल तर मी गप्प बसणार नाही, आणि हे पहिल्याच दिवशी तोंडावर सांगून टाकते.

कारण मॅडम चुगली करणार असं ज्याला वाटतं तो 'सगळं मस्त' एवढंच म्हणतो. हडपसरचा एकजण दरवेळी रिकामी स्ट्रिप दाखवायचा, एक गोळी चुकलेली नाही. अरे, ज्या गोळीने माणूस दुपारपर्यंत पेंगतो ती घेऊन हा पहाटे टेम्पो भरायला जातो कसा? बऱ्याच दिवसांनी म्हणाला, साहेबांना सांगणार नाही ना, गोळ्या मोरीत टाकतो, झोप लागली की शेठ हाकलतो. मग डॉक्टरांनी डोस कमी करून संध्याकाळी लवकर घ्यायला सांगितला, आणि ऑफिसरनेही (भला माणूस) हजेरी ओपीडीच्याच दिवशी ठेवली, निदान एकच खाडा होतो.

बॉन्डची अट मोडली तर कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं, पण पहिल्या वेळी जास्तीत जास्त ५० रुपये दंड करून बॉन्ड चालूही ठेवू शकतं. हे पोरांना कुणी सांगतच नाही, त्यांच्या डोक्यात फक्त जेल.

मग आई म्हणते, बरं, मला तरी सांगा. तेही नाही हो ताई. त्याने तुम्हाला कागदावर प्रतिनिधी नेमलं तर उपचारापुरतं सांगेन, बाकी त्यालाच विचारा. चिडतात, साहजिक आहे.