राणी शोधायला नागपूरला

माझ्या गोष्टीत घुमे नावाचे परग्रहावरचे जीव आहेत. अंगं लाखो, मन एकच. पहिल्या खर्ड्यात मी त्यांच्या डोक्यावर एक महाराणी बसवली होती. तिच्या मनात यायचा अवकाश, की लाखो हात कामाला लागत. नववीतल्या भाचीने वाचून वही परत दिली. "मावशी, ही एकटी एवढ्या सगळ्यांचं ऐकते कधी? आणि मेली की मग? सगळे जागच्या जागी उभे?"

उत्तर नव्हतं. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघी वर्ध्याहून सकाळच्या गाडीने नागपूरला निघालो. मुंग्या वर्ध्यातही आहेत हो, पण एका दिवसात आग्यामोहोळ आणि वारूळ दोन्ही बघायचं, तेही गाडी न काढता, तर नागपूर सोयीचं.

आधी तर्रीपोहे. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीला, एका ठेल्याजवळ उभ्याने खात होतो. पायाशी कोणाच्या तरी समोशाचा कोपरा पडला होता आणि त्याला बारीक काळ्या मुंग्यांची रांग लागली होती, थेट गटाराच्या भेगेपर्यंत. भाचीने बोट ओलं केलं आणि रांगेला आडवं एकदा घासलं. बस, एवढंच. दोन्हीकडच्या मुंग्या त्या अदृश्य रेषेशी येऊन थबकल्या. मिशा हलवत मागे फिरल्या, एकमेकींवर चढल्या, चांगलाच घोळका झाला. मग एक चुकून पलीकडे गेली, तिच्यामागे दुसरी, आणि पोहे संपेपर्यंत रांग पुन्हा चालू. मुंगी चालताना पोटाने वासाचा माग सोडते. तो पुसला की तिथे काय होतं हे एकीलाही ठाऊक नसतं. वाट मुंगीच्या डोक्यात नव्हतीच, फरशीवर होती. मी तर्रीचे डाग पडलेल्या कागदावर लिहिलं: घुम्यांची आठवण बाहेर ठेवायची.

तिथून ऑटोने सिव्हिल लाइन्स. एका जुन्या इमारतीच्या छज्ज्याखाली आग्या माशीची चार मोहोळं लटकलेली. आग्या माशी पोकळीत घर करत नाही, उघड्यावर एकच मोठं पोळं लावते आणि माश्याच त्याच्यावर थरावर थर बसून पडदा धरतात. दुरून ते काळपट पोतं वाटतं. आम्ही रस्त्यापलीकडे उभ्या राहून बघत होतो तेवढ्यात चौकीदार आला. "बाई, केळं खाऊन आल्या काय?" खाल्लं होतं, गाडीत. त्याने आम्हाला आणखी मागे नेलं. डंख मारताना माशी जो धोक्याचा वास सोडते, त्यातला एक घटक पिकल्या केळ्याच्या वासातही असतो. त्याला हे रसायन माहीत नव्हतं, पण गोष्ट पक्की माहीत होती.

मग ते झालं. एक मोठी गांधीलमाशी पोळ्यासमोर घिरट्या घालू लागली आणि त्या पोत्यावरून लाट गेली. शेकडो माश्यांनी ओळीने शेपटं वर केली, खाली केली. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, सेकंदाच्या आत. पुन्हा. पुन्हा. गांधीलमाशी निघून गेली. भाची म्हणाली, "हुकूम कोणी दिला पण?" कोणी नाही. प्रत्येकीने शेजारणीचं बघून केलं. राणी त्या वेळी आत कुठेतरी अंडी घालत असेल, तिला याचा पत्ताही नसणार.

घर बदलायची वेळ आली तरी राणीला कोणी विचारत नाही. मार्टिन लिंडाउअर या संशोधकाला १९४९ मध्ये म्युनिकमध्ये, युद्धात पडलेल्या शहरात, मधमाश्यांच्या थव्यावर काजळी आणि विटांची धूळ माखलेल्या काही माश्या नाचताना दिसल्या. त्या पडक्या घरांत नव्या घरासाठी जागा बघून आल्या होत्या आणि नाचून तिचा पत्ता सांगत होत्या. ज्या जागेसाठी नाच वाढत जातो तिकडे थवा जातो, आणि वेगळ्या जागेसाठी नाचणारीला दुसऱ्या माश्या डोक्याने ढुसण्या देऊन गप्प करतात. ग्रामसभाच, फक्त इतिवृत्त नाही. राणी मेलीच, तर कामकरी माश्या कोवळ्या अळ्यांना खास रस भरवून साधारण दोन आठवड्यांत नवी उभी करतात. मी घुम्यांच्या महाराणीचं पद तिथेच काढून घेतलं. तिचं नाव आता 'कूस'. मान आहे, अधिकार नाही.

घुम्यांत कोणी कोणतं काम करायचं, हेही कोडं तिथेच सुटलं. मधमाशी वयाप्रमाणे काम बदलते: आधी सफाई, मग अळ्यांना भरवणं, मग बांधकाम, पहारा, आणि शेवटी बाहेरची वणवण. आपण म्हाताऱ्यांना ओसरीवर बसवतो, त्या म्हातारीला रानात धाडतात, कारण परतली नाही तर घराचं नुकसान कमी. घुम्यांमध्येही जन्माने कोणी शिपाई नाही. सगळ्यांत जास्त वयाचा घुम्या सगळ्यांत पुढे, शत्रूसमोर. भाचीला हे क्रूर वाटलं. मलाही वाटतं, म्हणून ठेवलं.

मोहोळ बघायला जाणाऱ्यांनी एवढं करा: अत्तर, सुगंधी तेल लावू नका. काळे, केसाळ कपडे नकोत. दगड, फटाका, धूर, ड्रोन यांच्या नादी लागू नका. उठल्याच तर हात न झटकता, तोंड झाकून सरळ पळा आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर थांबून राहतात. डंख चिमटीत न धरता नखाने खरवडून काढा, आणि तोही पटकन. खूप डंख बसले, किंवा एका डंखाने दम लागला, तर घरगुती उपाय करत न बसता दवाखाना गाठा.

दुपारी झिरो माइलवरून मेट्रो धरली, सीताबर्डीला बदलून लोकमान्यनगरची घेतली. रेल्वे स्टेशनवरून थेट येणार असाल तर बदलायचीही गरज नाही. उतरून ऑटोने अंबाझरीकडे. पळस फुलला होता, ऊन मात्र मार्चचं. पाणी जास्त न्या, आम्ही एकच बाटली नेली आणि भांडलो.

वारूळ मुंग्यांचं नसतं, वाळवीचं असतं. वाळवीत राणीशेजारी राजाही जन्मभर असतो, आणि कामकरी नर-मादी दोन्ही असतात, मधमाश्यांसारखा नुसता बहिणींचा कारभार नाही. शिपायांचे जबडे एवढे मोठे की स्वतःला खाता येत नाही, कामकऱ्यांनी भरवायचं. आंधळे कामकरी वारूळ कसं बांधतात याचा उलगडा करताना पिएर-पॉल ग्रासे या फ्रेंच संशोधकाने १९५९ मध्ये मांडलं की केलेलं कामच पुढच्या कामाला बोलावतं. वास असलेला मातीचा गोळा एकाने ठेवला की दुसरा त्यावरच ठेवतो. सकाळची मुंग्यांची रांगच ती, उभी केलेली. आत जमिनीखाली ते बुरशीची शेती करतात. पावसाळ्यात आलात तर त्याच बुरशीच्या सात्या, म्हणजे अळंब्या, वारुळाजवळ उगवलेल्या दिसतील, पूर्व विदर्भात त्या आवडीने खातात. वारुळात हात मात्र घालू नका. भोक गुळगुळीत असेल तर तिथे भाडेकरू असू शकतो.

रमण विज्ञान केंद्रात शेवटी गेलो, खरं सांगायचं तर पाय दुखत होते म्हणून. तारांगणाच्या अंधारात भाची झोपली.

परतीच्या गाडीत डबा उघडला तर झाकणावर मुंग्या, पंधरा-वीस. बर्डीवर ठेल्याशी पिशवी खाली ठेवली होती, तिथूनच चढल्या असणार. मी झटकायला गेले, भाचीने हात धरला. बुटीबोरी गेलं, सिंदी गेलं. घर मागे गटाराच्या भेगेत राहिलेलं, पुढे कुठे जायचं ते ठाऊक नाही, तरी त्या खिडकीच्या पट्टीवरून एकीमागे एक, समोरच्या काकांच्या संत्राबर्फीच्या खोक्याकडे निघाल्या होत्या.