माळावरचे चार दिवस: फलटण, म्हसवड, किर्लोस्करवाडी, सातारा

बाबांना साताऱ्याचं बोर्डिंग बघायचं होतं, किती वर्षं म्हणत होते. त्यांचे वडील, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो, रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात राहून शिकले. तिथं ते गेले नसते तर आज आमच्या घरात कुणी पुस्तक हातात धरलं असतं की नाही कुणास ठाऊक. तर या दिवाळीनंतर ठरवलंच. पण पुण्याहून सरळ सातारा म्हणजे दोन तास, मी म्हटलं बाबा आपण जरा वाकडी वाट करू, फलटणवरून जाऊ, माणदेश बघू, किर्लोस्करवाडी बघू आणि शेवटी सातारा. बाबा म्हणाले, "चल, गाडी तू चालवायची."

पहिला मुक्काम फलटण. इथं निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, १९६८ साली बनबिहारी निंबकरांनी सुरू केलेली, लोक 'नारी' म्हणतात (इंग्रजी नावाची आद्याक्षरं). सरकारी विद्यापीठ नाही, मोठी कंपनी नाही, तालुक्याच्या गावात एका माणसानं उभी केलेली संशोधन संस्था. कामं तरी किती वेगवेगळी! करडईचं घ्या. आमच्या गावाकडं करडई लोकांनी सोडली त्याला एक कारण काटे. काढणीला हातापायाला फडकी गुंडाळून बायका रानात जायच्या. इथं बिनकाट्याचे वाण तयार केले, नारी-६ त्यातलाच. काटे नाहीत म्हटल्यावर काढणी सोपी आणि पाकळ्याही वेचता येतात. गोड ज्वारीचं 'मधुरा' वाण इथलंच, आणि अनिल राजवंशी यांनी विजेवरची सायकल रिक्षा इथंच बनवली, आज गल्लोगल्ली दिसणाऱ्या ई-रिक्षा यायच्या कितीतरी आधी.

पण मला सगळ्यात भारी वाटलं ते मेंढ्यांचं काम. आपली दख्खनी मेंढी काटक, दुष्काळात टिकणारी, पण एका वेताला बहुतेक एकच कोकरू. आणि पार तिकडं बंगालच्या सुंदरबनात गारोळ नावाची बुटकी मेंढी आहे, तिच्यात एक जनुक असं आहे की तिला जुळी होतात, कधी तिळीसुद्धा. या लोकांनी वर्षानुवर्षं संकर करत, रक्त तपासून, ते जनुक दख्खनी मेंढीत आणलं आणि अंगकाठी मात्र दख्खनीचीच ठेवली. नाव 'नारी सुवर्णा'. धनगराच्या दृष्टीनं विचार करा, तेवढ्याच मेंढ्या, तेवढीच चराई, आणि वर्षाला विकायला कोकरं जास्त. रस्त्यात धनगरांचा एक वाडा लागला होता, घोड्यावर संसार, मागं कोकरं पोत्यात घातलेली, बाबांनी गाडी थांबवून त्या आजोबांना विचारलं जुळी परवडतात का. ते म्हणाले, "आईला दूध पायजे की वो. दूध असंल तर दोन काय, ब्येस." एका वाक्यात सगळं सांगून टाकलं त्यांनी, नुसतं जनुक आणून भागत नाही, वैरणपाणीही बघावं लागतं.

फलटणमध्येच कमला निंबकर बालभवन आहे, मराठी माध्यमाची शाळा, मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेची. अमेरिकेत जन्मलेली बाई इथं येऊन राहिली, मराठीची अभ्यासक झाली, भारताची नागरिक झाली आणि मुलांनी मराठीत वाचावं लिहावं म्हणून आयुष्य घातलं. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, बाहेरूनच बघितली. पुन्हा येणार.

फलटणहून मोगराळे घाट चढलं की हवाच बदलते. वर माणदेश. उसाचा हिरवा रंग मागं राहतो आणि मग नुसता माळ, कुसळं, बाभळी, लांबवर एखादी पवनचक्की. दहिवडी, गोंदवले (बाबांना गोंदवलेकर महाराजांच्या समाधीचं दर्शन घ्यायचं होतंच, तिथं प्रसादाला बसलो) आणि मग म्हसवड. इथं सिद्धनाथाचं देऊळ आहे आणि इथंच माणदेशी महिला सहकारी बँक आहे.

या बँकेची गोष्ट मला आधी माहीत होती पण त्या गावात उभं राहून बाबांना सांगताना घसा भरून आला, खरंच. चेतना सिन्हा मुंबईच्या, जयप्रकाश नारायणांच्या चळवळीतल्या, लग्न करून म्हसवडला आल्या. रस्त्याच्या कडेला भट्टी लावून शेतीची अवजारं करणारी एक बाई त्यांच्याकडं आली, तिला रोजचे थोडे थोडे पैसे साठवायचे होते, पावसाळ्यात डोक्यावर ताडपत्री घ्यायची होती. एवढ्या लहान रकमेचं खातं कुठलीच बँक उघडेना. मग चेतनाताईंनी ठरवलं आपणच बायकांची बँक काढू. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला कारण सभासदांचे अंगठे होते, सह्या नव्हत्या. बायका रडत बसल्या नाहीत, लिहायला वाचायला बसल्या. आणि पुन्हा मुंबईला गेल्या तेव्हा साहेबांना म्हणाल्या, आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती हा आमचा दोष नाही, पण हिशोब येतो, सांगा कुठल्याही रकमेचं व्याज, तुमचे अधिकारी मशीनवर करतील, आम्ही तोंडी करतो. १९९७ साली परवाना मिळाला.

बँकेच्या लोकांनी बाजारात, दारात जाऊन पैसे गोळा करायचे हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कोथिंबिरीची पाटी सोडून बाई बँकेत कशी येणार? एक दिवसाचा धंदा बुडतो. २०१२-१३ च्या दुष्काळात याच लोकांनी म्हसवडला जनावरांची छावणी चालवली, हजारो जनावरं, बायका मुलं सगळी तिथंच मुक्कामी. शिवाय त्यांचा रेडिओ आहे, 'माणदेशी तरंग', ९०.४ वर. गाडीत लावला तर ओव्या चालू होत्या. बाबांनी आवाज वाढवला आणि गाव संपेपर्यंत कुणीच बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी वडूजवरून औंध, यमाईचं दर्शन, तिथून पुसेसावळी, कडेगाव करत किर्लोस्करवाडी. औंध वाटेत घेतलं कारण किर्लोस्करवाडीची मुळं तिथंच आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकली विकायचे, मग कडबा कापायचं यंत्र, मग १९०३ ला लोखंडी नांगर. नांगर कुणी घेईना, लोखंडानं जमिनीला विष बाधतं म्हणायचे, दोनेक वर्षं माल पडून होता. त्यात बेळगावची जागा नगरपालिकेनं रिकामी करायला लावली. तेव्हा औंधचे राजे, पंतप्रतिनिधी, यांनी १०,००० रुपये कर्ज आणि कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला, निवडुंग आणि नाग एवढंच तिथं पिकत होतं. १९१० साली तिथं कारखाना आणि कामगारांची वसाहत एकदमच सुरू झाली. स्टेशनचं नावसुद्धा पुढं बदलून किर्लोस्करवाडी झालं. पहिल्या महायुद्धात कच्चं लोखंड मिळेना तर कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या निकामी तोफा वितळवायला दिल्या असं सांगतात. तोफेचा नांगर! बाबांनी हे मला दोनदा सांगायला लावलं.

कारखान्यात पंप तयार होतात, आत परवानगीशिवाय सोडत नाहीत आणि आम्ही काही आधी कळवलं नव्हतं. मग वसाहतीच्या बाजूनं चालत फिरलो. झाडं इतकी जुनी आणि दाट की हा माळ होता यावर विश्वास बसत नाही. याच वाडीतून १९२० ला 'किर्लोस्कर खबर' निघालं, १९३० ला 'स्त्री'. आज्जीच्या ट्रंकेत 'स्त्री'चे अंक होते, कडा खाल्लेले. नांगराच्या कारखान्यातून बायकांचं मासिक निघतं आणि ते आमच्या आज्जीच्या ट्रंकेपर्यंत येतं, हे मला तिथं उभं राहून पहिल्यांदा लक्षात आलं.

आणि आता खरी गंमत. हे किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरणारा एक एजंट होता, त्याचं नाव भाऊराव पाटील. होय, तेच, कर्मवीर. ओगल्यांच्या काच कारखान्यासाठीही त्यांनी काम केलं आणि साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्याबरोबर नांगराच्या कारखान्यातही ते होते. म्हणजे नांगर विकायला ज्या गावात जायचं तिथली शाळा नसलेली पोरं बघायची. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ ला साताऱ्याला आली.

चौथ्या दिवशी साताऱ्याला जाताना कराडजवळ ओगलेवाडीत थांबलो. प्रभाकर कंदील इथला, १९१६ चा कारखाना. आता तो बंद आहे. आमच्या माडीवर प्रभाकर कंदील होता, दिवे गेले की दादा काच पुसून लावायचे, राखेनं, आतून बाहेरून, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

सातारा. रयतचं बोधचिन्ह वडाचं झाड, आज शाखा ७०० च्या वर. पण बाबांना आकड्यात रस नव्हता. ते कर्मवीरांच्या समाधीपाशी गेले, चप्पल काढून बराच वेळ उभे राहिले. १९२७ ला गांधीजींच्या हस्ते शाहू बोर्डिंगचं नामकरण झालं, तिथं सगळ्या जातीची मुलं एका पंगतीला जेवायची, स्वयंपाकही मुलंच करायची, बोर्डिंग चालवायला भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. हे मी वाचून सांगत होते. बाबा मधेच म्हणाले, "दादांना भाकरी थापता यायची, आठवतंय का तुला?"

आठवतंय की. आज्जी आजारी असली की दादा चुलीपुढं बसायचे, परातीत पीठ मळायचे, गोल मोठी भाकरी, फुगलेली. गावात दुसऱ्या कुठल्या घरात पुरुषमाणूस भाकरी करताना मी बघितला नाही. लहानपणी मला वाटायचं दादा आहेत, त्यांना सगळंच येतं.

"इथं शिकले," बाबा म्हणाले. "रोज पोरांच्या भाकऱ्या, पाळी असायची. मला सांगायचे आणि मी कधी नीट ऐकलं नाही."

मग आम्ही तिथल्या पायरीवर बसलो. आईनं दिलेल्या शिदोरीतली शेवटची भाकरी आणि शेंगाचटणी उरली होती, चार दिवसाची, कडक झालेली. अर्धी अर्धी खाल्ली.