मग यांना म्हणायचं तरी काय?

शिकागोच्या दक्षिण भागात वॉशिंग्टन पार्कात एक संग्रहालय आहे. 1961 मध्ये मार्गारेट बरोज या चित्रकार-शिक्षिकेने नवऱ्याच्या आणि मित्रमंडळींच्या मदतीने ते आपल्या राहत्या घरात सुरू केलं. तेव्हाचं नाव ‘एबनी म्युझियम ऑफ नीग्रो हिस्टरी अँड आर्ट’. 1968 मध्ये त्याला ड्युसेबलचं नाव मिळालं. हा ड्युसेबल म्हणजे शिकागो नदीच्या मुखाशी कायमचं घर बांधणारा पहिला बाहेरचा माणूस, आणि तो कृष्णवर्णीय होता. पुढे बरीच वर्षं पाटीवर ‘आफ्रिकन अमेरिकन हिस्टरी’ होतं. 2022 पासून ते ‘ड्युसेबल ब्लॅक हिस्टरी म्युझियम’ झालंय. (2021 मध्ये तळ्याकाठच्या हमरस्त्यालाही ड्युसेबलचं नाव दिलं. लोक अजून ‘लेक शोअर ड्राइव्ह’च म्हणतात.)

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या या बदलत्या नावांवर भारतातून येणारे पाहुणे हमखास वैतागतात. आज हे म्हणा, उद्या ते म्हणा, चुकलात तर डोळे वटारणार. मग यांना म्हणायचं तरी काय? मला मात्र हा वैताग फारसा पटत नाही. दर वेळी नाव का बदललं ते पाहिलं, की त्यामागची भांडणं दिसतात, आणि ती बहुतेक घरातलीच आहेत.

‘कलर्ड’ हा एके काळी सभ्य शब्द होता. 1909 मध्ये स्थापन झालेल्या एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या आद्याक्षरांत तो (‘सी’ म्हणजे कलर्ड) अजून आहे आणि कुणी काढलेला नाही. शिकागोतूनच 1905 पासून निघालेल्या ‘डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्राने तर वेगळीच वाट काढली होती. ते ‘नीग्रो’ टाळून सरळ ‘द रेस’, म्हणजे ‘आपला वंश’, लिहायचं. आपली माणसं म्हणजे ‘रेस मेन’. त्याच काळात कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस वगैरे मंडळी ‘नीग्रो’तला पहिला एन मोठा छापावा म्हणून संपादकांच्या मागे लागली होती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते मान्य केलं 1930 मध्ये. देवनागरीत लहान-मोठं अक्षरच नाही, त्यामुळे एका अक्षरासाठी इतकी वर्षं का झगडायचं हे आपल्याला चटकन कळत नाही. पण जर्मन, आयरिश, इटालियन मोठ्या अक्षराने आणि आपण तेवढे लहान, हे रोज सकाळी पेपरात वाचायचं म्हणजे काय, त्याचा विचार करून बघा.

मार्टिन ल्यूथर किंग यांनी 1963 मध्ये वॉशिंग्टनच्या भाषणात ‘नीग्रो’ हा शब्द पुन्हा पुन्हा आणि मानाने वापरला. त्याच वेळी जहाल नेते माल्कम एक्स त्याच शब्दाला ‘तथाकथित’ लावून हिणवत होते. 1966 मध्ये स्टोकली कारमायकेल या तरुण नेत्याने ‘ब्लॅक पॉवर’ची घोषणा दिली आणि चार-पाच वर्षांत चित्र पालटलं. गंमत अशी, की त्याआधी ‘ब्लॅक’ ही शिवीच होती. जुन्या पिढीत कुणाला तसं म्हटलं असतं तर हाणामारी झाली असती. पोरांनी मुद्दाम तोच शब्द उचलला. शिकागोतून निघणारं ‘नीग्रो डायजेस्ट’ 1970 मध्ये ‘ब्लॅक वर्ल्ड’ झालं. मग 1988 च्या डिसेंबरात कृष्णवर्णीय नेते जेसी जॅक्सन यांनी, तेही शिकागोतच, ‘आफ्रिकन अमेरिकन’चा आग्रह धरला. इतरांच्या नावात त्यांचा मुलूख असतो, आमच्याच नावात फक्त कातडी का, असा त्यांचा मुद्दा होता.

मुद्दा बिनतोड होता. पण दरम्यान नायजेरिया, घाना, इथिओपियातून खरेखुरे आफ्रिकन येऊन स्थायिक झाले. माझ्या ऑफिसातला नायजेरियन सहकारी स्वतःला आधी इग्बो (हा तिथला एक समाज) म्हणवतो, मग नायजेरियन. ‘आफ्रिकन अमेरिकन’ म्हटलं की हसतो आणि म्हणतो, ते वेगळे, त्यांनी जे सोसलं ते आम्ही नाही सोसलं. जमैकातून आलेल्यांचं आणखी तिसरंच. या सगळ्यांना सामावणारा शब्द म्हणून ‘ब्लॅक’ पुन्हा वर आला. 2020 च्या जूनमध्ये, पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने त्यातला बी मोठा केला. एन मोठा झाला त्याला तेव्हा नव्वद वर्षं झाली होती.

काका आले होते तेव्हा त्यांना मी हे संग्रहालय दाखवायला नेलं. काका साताऱ्याकडचे, निवृत्त शिक्षक, प्रश्न विचारल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. तिथे एक वयस्क स्वयंसेविका भेटल्या. त्यांना काकांनी थेटच विचारलं, तुम्हाला कुठला शब्द आवडतो? मी संकोचाने पार अर्धी झाले. बाई मात्र खूश. म्हणाल्या, माझ्या जन्मदाखल्यावर ‘कलर्ड’ आहे, शाळेत मी ‘नीग्रो’ होते, कॉलेजात ‘ब्लॅक’ झाले, तेव्हा आईने आठवडाभर अबोला धरला होता. मला ‘ब्लॅक’च बरं वाटतं. पण आईला विचारलं असतंत तर तिने सांगितलं असतं, आधी मला ‘मिसेस’ म्हणा, मग पुढचं बोलू.

मग त्यांनी मेरी हॅमिल्टनची गोष्ट सांगितली. 1963 मध्ये अलाबामाच्या कोर्टात सरकारी वकील या कृष्णवर्णीय कार्यकर्तीला नुसतं ‘मेरी’ म्हणत राहिला. गोऱ्या साक्षीदारांना मिस, मिसेस, आणि काळ्यांना पहिलं नाव, ही तिकडची रीत. ‘मिस हॅमिल्टन’ म्हटल्याशिवाय उत्तर देणार नाही म्हणून ती अडून बसली, तर न्यायाधीशांनी कोर्टाच्या अवमानाबद्दल तिला शिक्षा ठोठावली. 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला.

गाडीत काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आमच्या गावात महारवाड्यातल्या सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला आम्ही दहा वर्षांची पोरं अरे-तुरे करायचो. आणि तो आम्हाला अहो-जाहो.”

म्हणूनच हा विषय मराठी माणसाला परका वाटायचं कारण नाही. अस्पृश्य, हरिजन, दलित, बौद्ध ही सगळी वाट आपण पाहिली आहे. ‘हरिजन’ हे नाव दुसऱ्यांनी दिलेलं म्हणून आंबेडकरांनी आणि त्यांच्या अनुयायांनी नाकारलं. 1972 मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार यांनी ब्लॅक पँथर या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून दलित पँथर हे नाव घेतलं. त्याआधी, 1946 मध्ये, खुद्द बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या नीग्रोंच्या अर्जाची प्रत मागितली होती. 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. तेव्हाही “नावात काय आहे” हा प्रश्न सगळ्यात मोठ्याने विचारणारे, ज्यांच्या नावाला कधी धक्का लागला नाही, तेच होते.

प्रत्येक नवा शब्द रुजतोच असंही नाही. लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांसाठी विद्यापीठांनी, कंपन्यांनी ‘लॅटिनेक्स’ उचलून धरला. प्यू संस्थेच्या 2024 च्या पाहणीत तो स्वतःसाठी वापरणारे निघाले 4 टक्के. इथल्या मूळ रहिवाशांना ‘अमेरिकन इंडियन’ म्हणू नका, ‘नेटिव्ह अमेरिकन’ म्हणा, असं इथली सज्जन मंडळी मला शिकवतात. शिकागोत 1953 पासून त्या लोकांचं स्वतःचं केंद्र आहे आणि त्याचं नाव ‘अमेरिकन इंडियन सेंटर’ आहे.

आपलं स्वतःचं प्रकरण तर फारच मजेशीर. 1920 ते 1940 च्या अमेरिकी जनगणनेत ‘हिंदू’ हा वंश होता, मग तुम्ही शीख असा की मुसलमान. 1923 मध्ये भगतसिंग थिंड नावाच्या शिखाने नागरिकत्वासाठी आपण उच्चजातीय आर्य, म्हणून गोरे, असा दावा केला; सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. 1970 मध्ये भारतीयांची गणना गोऱ्यांत झाली. मग भारतीयांच्याच संघटनेने खटपट करून 1980 पासून ‘एशियन इंडियन’ अशी चौकट मिळवली. अल्पसंख्याकांच्या सवलती हव्यात म्हणून गोरेपण सोडायचं की नाही, यावर तेव्हा आपल्या लोकांत खडाजंगी झाली होती. आजही मंडळाच्या गणेशोत्सवात ‘काळ्यांच्या वस्तीत घर घेऊ नका’ असा सल्ला देणारे अनेकजण तीच चौकट भरून मोकळे होतात.

माझी लेक यातलं काहीच मानत नाही. ती स्वतःला ‘ब्राऊन’ म्हणवते आणि पाकिस्तानी, बंगाली, तमिळ मैत्रिणींसकट सगळ्यांना त्यातच घेते. मला तो शब्द तितकासा आवडत नाही. व्हिडिओ कॉलवर तिने तो आजीला ऐकवला, तर आजी कळवळून म्हणाली, “असं काय बोलतेस बाळा, तू तर चांगली गव्हाळ आहेस!”